स्थौल्याचा दोष कुणाचा?

आरोग्याला अपाय होईल इतकी चरबी शरीरात साठणे म्हणजे लठ्ठपणा किंवा स्थौल्य. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यावर येणारा बीएमआय हा आकडा त्याच्या मोजमापासाठी जगभर वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार प्रौढांमध्ये हा आकडा २५ किंवा त्याहून अधिक असल्यास अतिवजन आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास लठ्ठपणा मानतात. या मापाने २०२२ मध्ये जगात दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. सुमारे २५० कोटी प्रौढांचे वजन प्रमाणाबाहेर होते आणि त्यांपैकी ८९ कोटी लठ्ठ होते. १९९० पासून प्रौढांमधील लठ्ठपणा दुपटीहून अधिक वाढला, किशोरवयीन मुलांमधील चौपट झाला. माणसाची जनुके तीस-बत्तीस वर्षांत बदलत नाहीत आणि जगभरच्या माणसांचा मनोनिग्रह एकाच पिढीत एकदम ढासळला असे मानायलाही आधार नाही. या वाढीचा अर्थ लावताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

चरबी शरीरात नुसती पडून राहत नाही. तिच्या पेशी संप्रेरके आणि दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात. पोटाच्या पोकळीत आणि यकृतात साठलेली चरबी विशेष घातक असते. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि टाइप २ मधुमेहाची वाट मोकळी होते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचे विकार आणि फॅटी लिव्हर यांचा धोका वाढतो. घशाभोवतीच्या चरबीमुळे झोपेत श्वास अडखळतो, वजनाच्या भाराने गुडघ्यांची झीज लवकर होते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये तेरा प्रकारच्या कर्करोगांचा अतिरिक्त चरबीशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा मान्य केला. प्रमाणाबाहेरच्या बीएमआयमुळे ओढवलेल्या असंसर्गजन्य रोगांनी २०२१ मध्ये सुमारे ३७ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

इथपर्यंतचा विषय वैद्यकाचा आहे. त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे : याचा दोष कुणाचा? क्षयाच्या किंवा हिवतापाच्या रोग्याला आज सहसा कुणी नावे ठेवत नाही. लठ्ठ माणसाला मात्र ठेवली जातात, कारण त्याने स्वतःच्या हाताने खाल्लेले असते. मराठीत दोष या शब्दाचे दोन अर्थ आहेत. व्यवहारात दोष म्हणजे चूक, जिच्याबद्दल कुणाला तरी बोल लावता येतो. आयुर्वेदात दोष म्हणजे वात, पित्त आणि कफ. त्यांचे संतुलन बिघडले की रोग होतो आणि ते पूर्ववत व्हावे म्हणून वैद्य तो बिघाड हुडकतो. लठ्ठपणाच्या चर्चेत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात आणि तिथून बराच गोंधळ सुरू होतो.

मिताहाराची शिकवण

अतिआहाराबद्दल जवळजवळ प्रत्येक धर्मपरंपरेने इशारा दिला आहे. या इशाऱ्यांचा रोख नेमका कशावर आहे, हे पाहण्यासारखे आहे.

तैत्तिरीय उपनिषदात अन्नाला ब्रह्म म्हटले आहे, अन्नाची निंदा न करण्याचे आणि ते विपुल पिकवण्याचे व्रत सांगितले आहे. अन्न या शब्दाची तिथली व्युत्पत्ती दुहेरी आहे : जे खाल्ले जाते ते अन्न आणि जे खाणाऱ्यालाच खाते तेही अन्न. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगून आहार, विहार, झोप आणि जागरण या सगळ्यांना मापाची अट घातली आहे. ज्ञानेश्वरीने ही मापाची कल्पना मराठीत घरोघरी पोचवली. महाराष्ट्रात जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकात जेवणाला यज्ञकर्माचे स्थान दिलेले आहे. या साऱ्या विचारात अन्न पवित्र आहे आणि देहाचा द्वेष कुठेही नाही. सुटू नये ती एकच गोष्ट म्हणजे माप.

जैन परंपरेने या मापाला तपाचा दर्जा दिला. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या सहा बाह्य तपांपैकी पहिले अनशन आणि दुसरे अवमौदर्य, म्हणजेच ऊणोदरी : भुकेपेक्षा चार घास कमी खाणे. पूर्ण उपवासाला आरंभ आणि शेवट असतो. ऊणोदरी रोजच्या ताटावर बसून पाळायची असते आणि ताट समोर असताना थांबायचे असते. इस्लाममध्ये कुराणाने खाण्यापिण्याची मोकळीक देऊन अतिरेकाला मनाई केली. पैगंबरांच्या एका प्रसिद्ध हदीसनुसार पाठ ताठ राहील इतके चार घास माणसाला पुरेत आणि त्याहून अधिक खायचेच असेल तर पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. आयुर्वेदातील चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागातही पोटाचे तीन भाग सांगितले आहेत : एक घन आहाराला, एक द्रवाला आणि एक वात-पित्त-कफाच्या हालचालीला. एकमेकांपासून दूर वाढलेल्या दोन परंपरांनी पोटात मोकळी जागा राखायला सांगावे, हे साम्य लक्षणीय आहे.

ख्रिस्ती परंपरेत खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक मानले गेले. चौथ्या शतकातील संन्यासी इव्हाग्रियस याने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली, तिच्यात हा विचार पहिला होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यांचे विवेचन केले. वेळेआधी खाणे, अति भारी पदार्थांचा हव्यास धरणे, अति प्रमाणात खाणे, अधाशीपणाने खाणे आणि पदार्थांच्या निवडीत अति चोखंदळ असणे, असे ते पाच प्रकार. त्यांपैकी प्रमाणाशी संबंध एकाचाच आहे, उरलेले चार सडपातळ माणसाच्या हातूनही घडू शकतात. पाप आहे ते आसक्तीत, देहाच्या आकारात नव्हे, हा या विवेचनाचा गाभा. स्वतः अक्वायनसचा देह स्थूल होता असे परंपरा सांगते. त्याच्या संतपदाच्या आड ते आले नाही.

मिताहाराच्या कथांमध्ये पाली संयुत्त निकायातील राजा प्रसेनजिताची कथा सर्वांत बोधक आहे. कोसलचा हा राजा द्रोण या मोठ्या मापाइतक्या भाताचे जेवण करून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. जागरूकपणे मापात जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे आयुष्य सावकाश सरते, अशा अर्थाची एक गाथा ते बोलले. राजाने ती गाथा सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला सांगितली आणि रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी त्याला दररोज शंभर कार्षापण नाणी देऊ केली. हळूहळू राजाचा आहार नाळी या लहान मापाइतक्या भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. राजाने केवळ मनाच्या बळावर भिस्त ठेवली नाही. ताटासमोर मन विसरते हे ओळखून त्याने ताटाशेजारी आठवण करून देणारा माणूस बसवला, म्हणजे जेवणाची परिस्थितीच बदलली.

जाणूनही न करणे

हित ठाऊक असूनही माणूस अहित का करतो, हा ग्रीक तत्त्वज्ञानातला मध्यवर्ती प्रश्न होता. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ संवादात सॉक्रेटिस असे मांडतो की जाणूनबुजून कुणी वाईट निवडत नाही. चूक होते ती ज्ञान अपुरे असल्यामुळे. ॲरिस्टॉटलला हे पुरेसे वाटले नाही. ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथात त्याने तीन माणसे वेगळी केली. पहिला संयमी : त्याच्या इच्छाच मापात असतात. दुसरा इच्छेशी झगडून जिंकतो. तिसरा झगडतो आणि हरतो. या तिसऱ्याच्या अवस्थेला ग्रीकमध्ये अक्रासिया म्हणतात. भोग हेच योग्य मानून चालणारा स्वैर माणूस यांच्याहून निराळा. दोष देण्याबाबतही ॲरिस्टॉटलने एक कसोटी घालून दिली. जन्मतः आलेल्या किंवा रोगाने ओढवलेल्या शारीरिक व्यंगाबद्दल कुणी बोल लावत नाही, व्यायामाच्या आणि काळजीच्या अभावाने आलेल्या व्यंगाबद्दल लावतात. ही कसोटी वाजवी आहे. मात्र ती वापरायची तर व्यंग कशातून आले हे आधी कळायला हवे आणि स्थौल्याच्या बाबतीत अडचण नेमकी तिथे आहे.

चरकसंहितेने या प्रश्नाला प्रज्ञापराध ही संकल्पना दिली. बुद्धी, धृती आणि स्मृती ढळल्यावर माणसाच्या हातून घडणारे अहितकर कर्म म्हणजे प्रज्ञापराध. बुद्धी ढळली की हिताला अहित समजले जाते. धृती ढळली की विषयाकडे धावणारे मन आवरत नाही. स्मृती ढळली की ठाऊक असलेले ऐन वेळी आठवत नाही. सॉक्रेटिसचे अज्ञान आणि ॲरिस्टॉटलची अक्रासिया, दोन्ही या त्रयीत सामावतात, आणि स्मृतीची भर पडते. प्रसेनजिताने नेमके स्मृतीलाच साहाय्य मागितले होते.

तरीही चरकसंहितेने स्थौल्याचे सारे खापर प्रज्ञापराधावर फोडलेले नाही. सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ या अध्यायात निंद्य मानल्या गेलेल्या आठ प्रकारच्या देहांची गणना आहे. अतिदीर्घ आणि अतिऱ्हस्व, अतिलोम आणि अलोम, अतिकृष्ण आणि अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशा त्या जोड्या आहेत. त्यांपैकी अतिस्थूल आणि अतिकृश यांचाच विस्ताराने विचार केला आहे, कारण या दोन अवस्था चिकित्सेच्या कक्षेत येतात. अतिस्थूलाच्या वाट्याला येणाऱ्या आठ दोषांत आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, घामाचा त्रास, अति भूक आणि अति तहान यांची नोंद आहे. कारणांच्या यादीत जड, गोड, थंड आणि स्निग्ध पदार्थांचे अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि चिंतेचा अभाव ही कारणे येतात. यादीच्या शेवटी बीजस्वभाव हे कारण येते, म्हणजे आईवडिलांकडून आलेला वारसा. अति भूक हे इथे रोगाचे लक्षणही मानले आहे : माणूस खातो म्हणून लठ्ठ होतो आणि लठ्ठपणामुळे त्याला पुन्हा खावेसे वाटते. रोगाचे हे चक्र जुन्या वैद्यांनी ओळखले होते.

मनोनिग्रहाची हद्द

बीजस्वभावाचा पुरावा विसाव्या शतकात साचत गेला. डेन्मार्कमधील दत्तक मुलांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेपणी या मुलांच्या देहाचा बांधा जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होता. ज्यांच्या ताटात ती जेवून वाढली, त्या दत्तक आईवडिलांशी त्याचा मेळ दिसला नाही. वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या वजनातही मोठे साम्य आढळले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन शरीरातला साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. १९९७ मध्ये केंब्रिजमधील संशोधकांनी जन्मतः लेप्टिन नसलेल्या दोन चुलत भावंडांची नोंद केली. त्यांची भूक शमतच नसे आणि वजन वयाच्या मानाने प्रचंड होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर भूक ओसरली आणि वजन उतरले. बाहेरून जो अधाशीपणा दिसत होता, तो एका रेणूचा अभाव होता. असे रोगी अत्यंत विरळ आहेत. तरी भूक ही निव्वळ इच्छा नसून शरीराने चालवलेली यंत्रणा आहे, हे त्यांच्यावरून सिद्ध झाले.

ही यंत्रणा मनोनिग्रहावर कशी मात करते, याचा दाखला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगात मिळतो. युद्धात शस्त्र धरायला विवेकबुद्धीने नकार दिलेल्या ३६ तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहणे पत्करले. तत्त्वासाठी त्रास सोसण्याची त्यांची तयारी आधीच दिसून आली होती. तरी उपासमार लांबली तसे त्यांचे मन अन्नाने व्यापून गेले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, जेवण तासन्‌तास लांबवू लागले. प्रयोग संपल्यावर अनेकांनी अनावर खाल्ले आणि त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षा अधिक चरबी चढली. वजन उतरवण्याची स्पर्धा दाखवणाऱ्या अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातील चौदा जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पर्धेला सहा वर्षे उलटल्यावरही त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते आणि बहुतेकांचे उतरलेले वजन मोठ्या प्रमाणात परत आले होते. गमावलेली चरबी परत मिळवण्यासाठी शरीर वर्षानुवर्षे झटते. निर्धार काही आठवडे टिकवता येतो, शरीराशी जन्मभर लढत राहणे फारच थोड्यांना जमते.

या वारशाची सुरुवात गर्भातच होते, हे दाखवणारे महत्त्वाचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या अर्धपोटी कष्टांची छाप बाळाच्या देहावर उमटली होती आणि पुढे भरपूर खायला मिळाल्यावर असाच देह मधुमेहाकडे झुकतो. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशा या भारतीय देहाचा विचार करून भारतात बीएमआयच्या मर्यादा जागतिक मर्यादांपेक्षा खाली ठेवल्या जातात. अशा देहाचा दोष त्याच्या मालकाला देता येत नाही, कारण तो घडला तेव्हा निवड करणारा कुणी अस्तित्वातच नव्हता.

जनपदोद्ध्वंस

वारसा सगळा लठ्ठपणा समजावत नाही, कारण तोच वारसा असलेली मागची पिढी लठ्ठ नव्हती. इथे चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंस ही दुसरी संकल्पना उपयोगी पडते. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पुनर्वसू आत्रेय उन्हाळ्याच्या अखेरीस पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी शिष्यांसह वनात फिरत आहेत. शिष्य अग्निवेश विचारतो : माणसांच्या प्रकृती, आहार, बळ आणि वय वेगवेगळे असताना एकाच रोगाने अख्खा जनपद एकाच वेळी कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय सांगतात की प्रकृती वेगळ्या असल्या तरी वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात. त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात. त्यांच्या बिघाडाचे मूळ अधर्मात आहे. देश, नगर आणि व्यापारी निगम यांचे प्रमुख धर्म सोडून प्रजेला वागवतात आणि त्यांच्या आश्रयाने जगणारे, व्यवहारावर पोट भरणारे लोक त्या अधर्मात भर घालतात. चरकसंहितेला इथे साथीचे रोग अभिप्रेत आहेत, आधुनिक लठ्ठपणा नव्हे. मात्र अग्निवेशाचा प्रश्न आजच्या स्थितीला जसाच्या तसा लागू पडतो.

आज बिघडलेली समान गोष्ट म्हणजे अन्नाचा भोवताल. साखर, मैदा, स्वस्त तेल, मीठ, रंग आणि स्वाद यांच्या जुळणीतून कारखान्यात घडवलेले पदार्थ प्रत्येक टपरीवर, शाळेबाहेर आणि मोबाइलच्या पडद्यावर हाताशी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे असे अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. दोन्ही प्रकारच्या जेवणांत समोर मांडलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तितकेच घटले. दोन आठवड्यांत त्यांचे चारित्र्य बदलले नव्हते, बदलले होते ते ताट.

पॅसिफिक महासागरातील बेटांवर याचे टोक दिसते. जगातील लठ्ठपणाची सर्वाधिक प्रमाणे टोंगा, नाउरू आणि अमेरिकन सामोआ इथे आहेत. तिथल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लठ्ठ आहेत. नाउरूची बरीचशी जमीन विसाव्या शतकात फॉस्फेटच्या खाणींनी उकरून काढली. मासे, नारळ आणि कंदमुळांवर जगणारी ही माणसे आयात तांदूळ, साखर आणि डबाबंद मांसावर आली. श्रीमंत देशांत फारसे कुणी न खाणारे मेंढीच्या पोटाकडचे चरबीदार मांस आणि टर्कीच्या शेपट्या स्वस्त दराने या बेटांवर विकल्या गेल्या. फिजीने २००० मध्ये त्या मेंढीच्या मांसाच्या विक्रीवर आणि सामोआने २००७ मध्ये टर्कीच्या शेपट्यांच्या आयातीवर बंदी घातली. जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवण्यासाठी सामोआला ती बंदी उठवणे कबूल करावे लागले. निगमांच्या प्रमुखांबद्दल चरकसंहितेने जे म्हटले, त्याचा हा आधुनिक दाखला आहे.

भारतात अभाव आणि अतिरेक एकाच छपराखाली नांदतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले आणि सुमारे १९ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. आज खुंटलेले मूल उद्या स्वस्त गोड पदार्थांवर वाढले की त्याच देहात दोन्ही संकटे एकवटतात. डाळ, भाजी, फळे महाग आणि बिस्किटे, वेफर्स, शीतपेये दहा-वीस रुपयांत, अशा बाजारात गरीब घराला मिताहाराचा उपदेश करणे अपुरे आहे आणि अन्यायाचेही आहे.

दैव, पुरुषार्थ आणि कर्तव्य

मग व्यक्तीची जबाबदारी उरत नाही का? विमानस्थानाच्या त्याच अध्यायात अग्निवेश पुढे आयुष्याबद्दल विचारतो. ते ठरलेले असते की नाही? आत्रेय उत्तर देतात की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते. बळकट पुरुषकार दुबळ्या दैवाला मागे सारतो आणि बळकट दैव दुबळ्या पुरुषकाराला. चरकसंहितेत दैव म्हणजे पूर्वजन्मीचे कर्म. आजच्या वाचकाला त्या जागी जनुके, गर्भावस्था आणि जन्माचा गाव ठेवता येईल. पूर्वजन्माचा अर्थ तसाच ठेवला तर रोग्यावर मागच्या जन्माचाही ठपका येतो आणि दोषारोप दुणावतो. बलाबलाची कल्पना मात्र कोणत्याही अर्थाने टिकते : माणूस सर्वस्वी स्वतंत्र नाही, सर्वस्वी बांधलेलाही नाही.

इथे जबाबदारीचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. एक मागे पाहतो : हे कुणामुळे झाले, बोल कुणाला लावायचा? दुसरा पुढे पाहतो : आता कुणी काय करायचे? मागच्या प्रश्नाला लठ्ठपणाच्या बाबतीत स्वच्छ उत्तर मिळत नाही, कारण बीज, गर्भ, बाजार आणि सवय यांचे धागे सोडवता येत नाहीत. पुढच्या प्रश्नाला मिळते. रोग्याने शक्य तेवढे चालावे, गोड पेये टाळावीत, भूक आणि चटक यांतला फरक ओळखावा, गरज पडल्यास उपचार घ्यावेत. वाढीव वजनातून थोडे उतरले तरी साखर आणि रक्तदाब सुधारतात. हे त्याचे कर्तव्य आहे आणि ते पाळण्यासाठी आधी स्वतःला अपराधी मानण्याची गरज नाही. घरात ताट वाढणाऱ्याचे, शाळेचे, उत्पादकाचे आणि सरकारचेही असेच कर्तव्य आहे. ज्याच्या हाती भोवताल बदलण्याची सत्ता अधिक, त्याचा वाटा मोठा.

हे वाटे उचलल्याची उदाहरणे आहेत. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरेच्या पेयांवर कर बसवला आणि त्यांचा खप घटला. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला आणि असे पदार्थ शाळांतून हटवले. ब्रिटनने २०१८ मध्ये शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी सुरू केल्यावर उत्पादकांनी आपल्या पेयांतली साखरच कमी केली. भारतात २०२० च्या नियमांनी शाळांची उपाहारगृहे आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरचा परिसर इथे असे पदार्थ विकायला मनाई केली. तिची अंमलबजावणी काटेकोर व्हायला हवी. पाकिटावरचा काळा इशारा स्मृतीला आधार देतो, कर धृतीवरचा ताण हलका करतो. प्रसेनजिताच्या दरबारात एका सुदर्शनाने केलेले काम इथे कायदा लाखो लोकांसाठी करतो.

नव्या औषधांनी या चर्चेत एक प्रश्न वाढवला आहे. सेमाग्लुटाइडसारखी औषधे आतड्यातील एका संप्रेरकाची नक्कल करून भूक आणि अन्नाचा सततचा विचार शमवतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने वजन सरासरी १५ टक्क्यांनी घटले. इंजेक्शनने आलेला मिताहार हा सद्‌गुण ठरतो का? ॲरिस्टॉटलच्या दृष्टीने सद्‌गुण सवयीने अंगी बाणतो, म्हणून औषधाने आलेल्या मापाला तो संयम म्हणणार नाही. पण औषधाचा हेतू सद्‌गुण देणे नाही, रोग हटवणे आहे. झगडा हलका झाल्यावर माणसाला स्वतःचे आयुष्य नीट घडवायला उसंत मिळते. औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत येते आणि औषध महाग आहे. त्यामुळे ते कुणाला मिळणार, हा न्यायाचा प्रश्न इथेही उभा राहतो.

टोमणे हा उपचार नाही, याबद्दल संशोधनाने शंका ठेवलेली नाही. वजनावरून हिणवली गेलेली माणसे अधिक खातात, व्यायामाची जागा टाळतात आणि डॉक्टरकडे उशिरा जातात. २०२० मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्रितपणे या कलंकाविरुद्ध भूमिका जाहीर केली. धर्मपरंपरांचा साक्षेपी विचारही याच ठिकाणी येऊन पोचतो. त्यांनी निषेध केला तो आसक्तीचा, आणि आसक्ती प्रत्येकाने स्वतःच्या मनात शोधायची असते, दुसऱ्याच्या पोटाच्या घेरात नव्हे. ऊणोदरी हे स्वतः करायचे तप आहे. ते दुसऱ्यावर लादले की तप उरत नाही.

प्रज्ञापराध आणि जनपदोद्ध्वंस या संकल्पना एकमेकींना छेद देत नाहीत. सामूहिक अधर्माची योनीही प्रज्ञापराधच आहे, असे चरकसंहिता सांगते. खाणाऱ्याची धृती ढळते तशी विकणाऱ्याची आणि राज्य करणाऱ्याचीही ढळते. फरक इतकाच की एकाच्या चुकीने एक देह बिघडतो, दुसऱ्यांच्या चुकीने अख्खा जनपद. म्हणून स्थौल्याचा दोष शोधताना या शब्दाचा वैद्यकीय अर्थ हाताशी धरणे हिताचे आहे. वैद्य नाडी पाहतो, कोणता दोष कुठे वाढला हे ठरवतो आणि तो जिथे वाढला असेल तिथे उपाय करतो. देहात वाढलेला दोष देहात शमवावा लागतो, बाजारात वाढलेला बाजारात आणि राज्यकारभारात वाढलेला राज्यकारभारात.